रूम नंबर २६ च्या मालकास

प्रिय पक्या,

परवा पुणे विद्यापीठात जाऊन आलो. थोरल्या दादाच्या पोरीला एम.ए.ला ॲडमिशन मिळाली, इतिहासालाच, माझ्याच डिपार्टमेंटला. तिला सोडायला पारनेरहून एसटीने आलो. दादा म्हणत होता गाडी घेऊन जा, पण मला एसटीनेच यायचं होतं, २००३ ला आलो होतो तसंच, एक बॅग, एक वळकटी आणि आईने बांधून दिलेल्या भाकरी. फक्त शिवाजीनगरचं स्टँड आता तिथे नाही, मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलंय, त्यामुळे उतरल्या उतरल्याच मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. विद्यापीठ चौक तर ओळखूच येत नाही, पूल बांधला, २०२० ला पाडला, आता परत सगळं नवीन. पण गेटातून आत शिरलो आणि दोन मिनिटांत आवाज मागे राहिला बघ. तीच झाडं, तीच सावली, पावसाने काळे पडलेले बुंधे, आणि वडाच्या पारंब्यांखालून चालताना येतो तो ओल्या मातीचा वास. पोरगी एकदम गप्प झाली. मी पण.

तुला फोनवर सांगणार होतो, दोनदा नंबर लावला पण, मग म्हटलं नको, फोनवर तू मीटिंगमध्ये असशील आणि मी पाच मिनिटांत गुंडाळेन. हे नीट लिहूनच पाठवायचं ठरवलं. सावकाश वाच.

आधी तुझ्या खोलीवर गेलो. म्हणजे बाहेरूनच बघितली, आत कोण राहतं त्यांना कशाला त्रास. दारावरचा रंग बदललाय, खिडकीला जाळी बसवलीय, दोरीवर टॉवेल वाळत होते. मी पोरीला सांगितलं की या खोलीत मी सात महिने पॅरासाईट होतो. तिला शब्द माहीतच नव्हता. मग समजावलं, की हॉस्टेलला ज्याचा नंबर लागत नाही तो दुसऱ्याच्या खोलीत खाली गादी टाकून राहतो, त्याला इथे पॅरासाईट म्हणतात, आणि तसं म्हणताना कुणी कुणाला हिणवत नाही, कारण ज्याची खोली आहे तोही कधीतरी कुणाचा तरी पॅरासाईट होताच. तिने विचारलं, "पण काका, त्यांनी तुम्हाला ठेवून का घेतलं, ओळख होती का?" आणि पक्या, मला उत्तर देता येईना. ओळख नव्हतीच आपली. ॲडमिशनच्या रांगेत मी तुझ्या पुढे उभा होतो, तू विचारलंस कुठला, मी म्हटलं पारनेर, तू म्हणालास मी सटाण्याचा, राहायचं काय केलंस, मी म्हटलं अजून काही नाही. बस्स एवढंच. संध्याकाळी माझी वळकटी तुझ्या कॉटखाली. त्या रात्री काकूंनी सटाण्याहून पाठवलेली डाळिंबं तू वर्तमानपत्रावर सोलून ठेवलीस आणि एक शब्द न बोलता माझ्याकडे सरकवलीस. घरून फोन आला की मी सांगायचो हॉस्टेल मिळालं. ते खोटं तू निभावून नेलंस. तू नसतास तर मी दुसऱ्या आठवड्यातच परत गावाला गेलो असतो, हे मी तुला बावीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही म्हणून आता लिहितोय.

मग मेन बिल्डिंग. तू फिजिक्सवाला, तुला मी तेव्हा हे सगळं सांगायला लागलो की तू पांघरूण ओढून घ्यायचास, आता वाचावंच लागेल. ती बिल्डिंग १८६० च्या दशकात बांधायला घेतली, सर बार्टल फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर होता तेव्हा, गव्हर्नमेंट हाउस म्हणून, पावसाळ्यात गव्हर्नरने पुण्याला येऊन राहावं यासाठी. पोरीने टॉवरकडे बघत विचारलं, "एका माणसाला एवढी जागा कशाला लागायची?" मला हा प्रश्न फार आवडला. आणि त्या जमिनीला आणखी आधीची आठवण आहे, १८१७ च्या नोव्हेंबरात पेशवे आणि इंग्रजांची खडकीची लढाई झाली ती गणेशखिंड ते खडकी याच पट्ट्यात, बापू गोखल्यांचं घोडदळ याच माळावरून निघालं होतं. म्हणजे जिथे आपण राज्य हरलो त्याच्या उशाशी पन्नास वर्षांनी त्यांच्या गव्हर्नरचा वाडा उभा राहिला.

पण मला तिला खरं सांगायचं होतं ते १८९७ सालाबद्दल. मी बी.ए.ला असताना हे दोन वेगवेगळे धडे म्हणून वाचलं होतं आणि ते एकत्र कधी जोडलंच नव्हतं, जयकर लायब्ररीत बसून नोट्स काढताना तारखा एकाखाली एक लिहिल्या तेव्हा अंगावर काटा आला होता, आठवतंय का, रात्री तुला उठवून सांगितलं होतं. पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच साथीत प्लेग कमिटीचा रँड आणि त्याचे सोजीर घराघरात शिरून तपासणी करत होते, लोक संतापलेले. २२ जूनच्या रात्री गव्हर्नमेंट हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा समारंभ, दिव्यांची रोषणाई, मेजवानी. तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर "गोंद्या आला रे" अशी खूण झाली आणि दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला. एकच गाव, एकच साथ, साडेतीन महिन्यांचं अंतर. शहराच्या एका टोकाला एक बाई पोराला पाठीवर घेऊन चालतेय आणि दुसऱ्या टोकाला मेजवानी चाललीय. आणि आज त्या मेजवानीच्या जागेला त्या बाईचं नाव आहे! २०१४ ला नाव बदललं तेव्हा तू मला मेसेज केला होतास की आपल्या डिग्रीवर जुनंच नाव राहिलं. माझ्याही राहिलं. परवा मेन बिल्डिंगच्या आवारात त्यांचा पुतळा बघितला, २०२२ ला बसवलाय, पोरगी पुढे जाऊन चप्पल काढून उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तिला. मी लांबच थांबलो.

आणखी एक बघ, भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची, आणि पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ चा. बरोब्बर शंभर वर्षं. योगायोगच आहे, पण मला तो लिहावासा वाटला.

विद्यापीठ असं सहज नाही मिळालं रे. त्याआधी पुण्यातली सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे १८५७ पासून सगळा कारभार मुंबईच्या हातात. महाराष्ट्राला स्वतःचं विद्यापीठ पाहिजे ही मागणी किती वर्षं चालली, बॅरिस्टर जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि शेवटी १० फेब्रुवारी १९४९ ला विद्यापीठ सुरू झालं, तेच जयकर पहिले कुलगुरू. सुरुवातीचे काही महिने तर कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमधून चालला. मग बाळासाहेब खेरांच्या सरकारने ही गणेशखिंडीची ४११ एकर दिली. मला खेरांच्या या निर्णयाचं फार कौतुक वाटतं. नवीन स्वतंत्र झालेलं राज्य, त्या वाड्यात एखादा मंत्री आरामात राहिला असता, कुणी काही बोललं नसतं. त्यांनी तो पोरांना दिला. सुरुवातीला १८ कॉलेजं, आठ हजारांवर विद्यार्थी आणि १२ जिल्हे, खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र, तसा पसारा कमी होत पुणे, नगर, नाशिक राहिले. म्हणून सटाणा आणि पारनेर एका रांगेत आले.

कुलगुरू पण कसले कसले, रँग्लर परांजपे, दत्तो वामन पोतदार, धनंजयराव गाडगीळ. पोतदार म्हणजे आयुष्यभर मोडी कागदात बुडालेला माणूस. आमच्या डिपार्टमेंटला मोडीची गोडी लागली की मला ते आठवायचे.

जयकर लायब्ररीत पोरीला घेऊन गेलो. माझ्यासाठी विद्यापीठ म्हणजे ती लायब्ररीच, बाकी सगळं तिच्या आजूबाजूला. कमवा व शिका योजनेत मी सकाळचे दोन-तीन तास तिथे काम केलं ते तुला माहितीय, जुनी पुस्तकं कपाटातून काढायची, फडक्याने पुसायची, कणा सुटला असेल तर बाजूला ठेवायची. एकदा मराठ्यांच्या महसुलावरचं एक पुस्तक हातात आलं, मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. पहिला शिक्का १९६१ चा. मग १९६३, १९७४ चे तीन पाठोपाठ, मग एकदम १९८८, आणि त्यानंतर काहीच नाही. सोळा वर्षं ते पुस्तक कुणी उघडलं नव्हतं. मी ते त्याच दिवशी घरी नेलं, म्हणजे आपल्या खोलीवर, आणि त्या चिठ्ठीवर २००४ चा जांभळा शिक्का बसला तेव्हा जो आनंद झाला तो नोकरीच्या पहिल्या पगाराला पण झाला नाही. १९७४ ला एकाच महिन्यात तीनदा नेणारा कोण असेल, त्याचं एम.ए. झालं असेल का, तो कुठल्या गावचा, मी किती दिवस त्याच विचारात होतो. माझा प्रबंध खरं तर त्या चिठ्ठीतून सुरू झाला.

आता अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं जास्त दिसली, टेबलाटेबलावर एमपीएससीचे गठ्ठे. सकाळी बॅग ठेवून जागा धरायची पद्धत अजून आहे. मला त्यांच्याकडे बघून जीव तुटला, खरंच, तिशीला आलेली पोरं, जाहिरात कधी येईल माहीत नाही, गावाकडे सांगितलेलं की यंदा होतंयच. पण एक पोरगा टेबलावर डोकं ठेवून झोपला होता आणि शेजारच्याने पंख्याचं वारं येईल अशी स्वतःची खुर्ची सरकवली, ते पण बघितलं.

मग अनिकेत कँटीन. चहा घेतला, पोहे घेतले. पोरीला म्हटलं सगळं शिक्षण वर्गात होत नाही, अर्धं इथे होतं. तत्त्वज्ञानवाले, ललित कला केंद्रवाले, झूलॉजीवाले सगळे एका बाकावर, आणि कुणाच्या तरी एका चहात तिघं. ललित कलाची पोरं झाडाखाली तालीम करायची आणि तू त्या नादात रोज लेक्चरला उशिरा जायचास. परवा पण एक मुलगी झाडाखाली पाठ करत होती, एकच वाक्य दहा-दहा वेळा वेगळ्या सुरात, आम्ही दोघं तिथेच उभे राहून ऐकत बसलो.

शेवटी तुझ्यासाठी आयुकात गेलो, तुझ्या त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत. गेटवर नाव सांगितलं, बाहेरूनच थोडं फिरलो. नारळीकर गेले २०२५ च्या मे महिन्यात, तेव्हा आपण फोनवर बोललो होतो, पण तू फारच कमी बोललास, मला कळलं होतं. १९८८ ला आयुका सुरू झालं आणि त्यांनी ते या कॅम्पसवर उभं केलं, चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलं, आणि त्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन असे चौघं पुतळे होऊन बसलेत, तिथे तू मला पहिल्यांदा नेलंस तेव्हा तू चौघांच्या गोष्टी अशा सांगितल्यास जसं काही ते सटाण्याचेच. लहानपणी तू नारळीकरांना सही मागितलीस आणि ते म्हणाले सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, सहीसकट उत्तर देतो. तू पाठवलास आणि उत्तर आलं. ते कार्ड तुझ्या कॉटच्या भिंतीला सेलोटेपने चिकटवलेलं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, उजव्या कोपऱ्याला तेलाचा डाग. मी सात महिने झोपताना रोज ते कार्ड बघायचो, कारण जमिनीवरून बरोबर तेच दिसायचं. फिजिक्स मला आजही कळत नाही, पण एवढा मोठा माणूस एका खेड्यातल्या पोराला पोस्टकार्डावर उत्तर देतो, हे मी तिथे आडवं पडून शिकलो आणि आता शाळेत पोरांनी कसलाही प्रश्न विचारला की मी टाळत नाही. त्या कार्डाचं काय झालं? तुझ्याकडे असेल तर एक फोटो पाठव. पोरीला दाखवायचाय.

तिचा हॉस्टेलचा नंबर लागला, देवाची कृपा. खोलीत तिघी आहेत. मी निघताना तिने विचारलं, "काका, एखादीचा नंबर लागला नाही तर मी तिला ठेवून घेऊ का?" मी रेक्टर मॅडमना विचार म्हणालो, नियम म्हणून सांगावंच लागतं. पण रस्त्याने चालताना डोळे भरून आले रे.

फेब्रुवारीत ये. २८ ला सायन्स डेला आयुका सगळ्यांना खुलं असतं, तुझ्या लेकाला पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुकोचा लोलक दाखव, तू मला दाखवला होतास तसा. वहिनींना पण आण. मी पारनेरहून येतो, माझ्याकडे राहायची जबाबदारी, या वेळी कॉट तुला. आणि काकूंना माझा नमस्कार सांग, त्यांच्या डाळिंबाची आठवण काढली म्हणून सांग.

तुझाच,
कॉटखालचा