हंगामी धंद्याला बारमाही भाडं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात आमच्या स्टुडिओत एक तरुण आला. आदल्या दिवशी त्याची आई गेली होती. चार वर्षांपूर्वी त्याच्याच लग्नात आम्ही तिचा फोटो काढला होता. हिरवी पैठणी, नाकात नथ, आणि चेहऱ्यावर मनापासूनचं हसू. दहाव्याला तोच फोटो हवा, असं घरात ठरलं होतं. मूळ फोटो हार्ड डिस्कवर होता. पण तिच्यामागे उभा असलेला वाजंत्रीवाला काढणं, पदराची सावली उजळणं, हे सगळं अल्बम डिझाइनच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं, त्याचं सबस्क्रिप्शन, म्हणजे दरमहाची वर्गणी, आम्ही आषाढात बंद केली होती. फाइल आमच्या कॉम्प्युटरवर, काम आमच्या हातचं, आणि पडद्यावर सूचना की पैसे भरल्याशिवाय ती उघडणार नाही. मुलगा समोर बसून होता. मी महिन्याचे पैसे भरले आणि तासाभरात फोटो दिला. रक्कम मोठी नव्हती. पण स्वतःच्या कपाटाची किल्ली परक्याकडे मागावी लागली, ही गोष्ट मनातून जात नाही.

माझ्या सासऱ्यांनी १९८६ साली कोल्हापुरातून एन्लार्जर, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो काढायचं यंत्र, आणला. पैसे फिटायला दोन लग्नसराया लागल्या, पण फिटले म्हणजे फिटले. त्यानंतर काम असो वा नसो, त्या यंत्राने आमच्याकडे एक रुपया मागितला नाही. आमचा धंदा आजही हंगामीच आहे. तुळशीचं लग्न झालं की सुरू होतो, मध्ये पौषात थबकतो, आणि आषाढी एकादशीला दार लोटून घेतो. चातुर्मासात पासपोर्ट फोटो, एखादं बारसं आणि गणपती, एवढंच. सॉफ्टवेअरचा हप्ता मात्र बाराही महिने मागतात.

हे असं कायम नव्हतं. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे नव्या आवृत्त्या फक्त क्रिएटिव्ह क्लाउड नावाच्या वर्गणीवरच मिळतील. एकदाच विकत घेता येणारी मालिका २०१२ च्या सीएस ६ वर थांबली. फोटो निवडून सुधारायचं त्यांचं लाइटरूम तेवढं सहाव्या आवृत्तीपर्यंत विकत मिळत होतं, तीच शेवटची असं २०१७ मध्ये जाहीर झालं. घरगुती वापराच्या फोटोशॉप एलिमेंट्सचा परवानाही २०२५ च्या आवृत्तीपासून तीन वर्षांचाच झाला. वर्गणीतही एक मेख आहे. जो हप्ता महिन्याचा दिसतो, तो पुष्कळदा वर्षाच्या कराराचा असतो. मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांची निम्मी रक्कम भरावी लागते. हीच अट ग्राहकांपासून लपवली, असा आरोप ठेवून, ग्राहकहित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर खटला दाखल केला.

आपल्या बाजूचंही खरं बोललं पाहिजे. तालुक्याच्या गावांतून वर्षानुवर्षं फोटोशॉप ७ ची चोरीची सीडी फिरली आणि तिच्यावर लग्नाचे कितीतरी करिझ्मा (डिझाइन करून छापलेले) अल्बम झाले. ते चूकच होतं. वर्गणीत काही सोयीही आहेत. नवा कॅमेरा घेतला की त्याची रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची, मूळ) फाइल लगेच उघडते. लाइटरूम ६ घेऊन बसलेल्यांना २०१७ नंतरच्या कॅमेऱ्यांसाठी आधी फाइल बदलून घ्यावी लागते. गर्दीतून नवरा-नवरी वेगळी काढायचं अर्ध्या तासाचं काम आता मिनिटावर आलं आहे. ज्याच्याकडे वर्षभर जाहिरातींची कामं असतात, त्याने वर्गणी जरूर घ्यावी.

पण आमच्यासारख्यांनी इकडेतिकडे बघायला हवं. व्हिडिओसाठी ब्लॅकमॅजिक या ऑस्ट्रेलियन कंपनीचं दाविंची रिझॉल्व्ह आहे. त्याची मोफत आवृत्तीही लग्नाची फिल्म ४के मध्ये पुरी करते. स्टुडिओ आवृत्तीला २९५ डॉलर एकदाच पडतात आणि आजवर पुढच्या आवृत्त्यांना वेगळे पैसे घेतलेले नाहीत. मॅक असेल तर फायनल कट प्रो एकदाच विकत मिळतं. फोटोंसाठी अॅफिनिटी होतं एकरकमी किमतीचं. ते २०२४ मध्ये कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून मोफत केलं, फक्त कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं. मोफत वस्तूचा मालक उद्या काय ठरवेल, याची मला धास्ती वाटते. त्या मानाने फोटो सुधारायची गिंप आणि डार्कटेबल ही मोफत सॉफ्टवेअरं निर्धास्त. त्यांचा कोडच सगळ्यांना खुला आहे.

अडचण येते ती मराठीत. पत्रिकेवर 'श्री' किंवा 'ज्येष्ठ' लिहिलं की काही स्वस्त सॉफ्टवेअरांत जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून पैसे भरण्याआधी चाचणी आवृत्तीत दोन ओळी मराठी टाइप करून बघाव्यात. आणि वर्गणी बंद करण्याआधी प्रत्येक पूर्ण झालेलं पान मोठ्या आकाराच्या टिफमध्ये, म्हणजे कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये, काढून ठेवावं. आम्ही ते केलं नव्हतं.

माझं मागणं दोघांकडे आहे. पहिलं सरकारकडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरचा हप्ता कापण्याच्या २४ तास आधी संदेश येतो, त्याचा खरोखर उपयोग होतो. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' (वर्गणी सोडणं मुद्दाम अवघड करणं) हा ग्राहकांची दिशाभूल करणारा प्रकार ठरवला आहे. आता महिन्याच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, वर्षाची एकूण रक्कम आणि मध्ये सोडल्यास पडणारा भुर्दंड छापणं सक्तीचं करावं. दुसरं मागणं फोटोग्राफीचे वर्ग चालवणाऱ्यांकडे. मुलांना एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर शिकवून बाहेर पाठवता, त्यामुळे पहिली ऑर्डर मिळण्याआधीच त्यांचा हप्ता सुरू होतो. सोबत रिझॉल्व्ह आणि गिंपही शिकवा. आमच्याकडे कामाला आलेल्या मुलीला रिझॉल्व्हवर फिल्म जोडायला तीन आठवडे लागले. या कार्तिकातली पहिली दोन लग्नं तिनेच केली.

आपली,
एक स्टुडिओचालक, तासगाव (जि. सांगली)