आधी घराचा आवाज ओळख

प्रिय सतीश,

तुझं पत्र आणि आलेख दोन्ही मिळालं. शेवटी तूही घरी भूकंपमापक यंत्र बसवलंस, याचा फार आनंद झाला.

मंगळवारी दुपारचा जो पट्टा तू लाल शाईने गोल करून पाठवलास, तो रात्री बराच वेळ पाहत होतो. सांगायला जड जातंय, पण मला तो भूकंप वाटत नाही. जवळपासच्या भूकंपात शांत रेघ एका क्षणी उसळते, ती पी-लाट, सगळ्यात आधी पोचणारी. मग थोड्या वेळाने एस-लाट, बहुतेकदा पहिलीपेक्षा मोठी, आणि त्यानंतर लांबत विरत जाणारी शेपटी. तुझा पट्टा हळूहळू फुगतो, मध्ये जाड होतो आणि तसाच हळूहळू बारीक होतो, सुताने भरलेल्या चातीसारखा. जवळ येऊन लांब गेलेल्या एखाद्या जड वाहनाची ही खूण असावी. बुधवारी आणि गुरुवारी त्याच वेळेचे पट्टे काढून बघ. तिथेही तोच आकार असेल तर प्रश्न मिटला.

पहिल्या महिन्यात मीही असाच अडकलो होतो. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कोणत्या वेळी किती वारंवारतेची कंपनं होती ते दाखवणाऱ्या चित्रावर, एक रेघ पायरी-पायरीने वर चढायची, 20 हर्ट्झवर थबकायची आणि काही मिनिटांनी नाहीशी व्हायची. चार दिवस मी पुस्तकं चाळत बसलो. पाचव्या दिवशी कपडे पिळणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी उभा होतो, तेव्हा उलगडा झाला. मिनिटाला 1200 फेरे, म्हणजे सेकंदाला 20. तेव्हापासून यंत्राशेजारी एक वही ठेवली आहे. दार आपटलं, पंप सुरू झाला, वारा सुटला, की वेळ लिहायची. सतीश, ही वहीच मला सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या घराचा आवाज पाठ झाला की परकी हालचाल आपोआप डोळ्यांत भरते.

माणसांचा हा गलका मुख्यतः 1 हर्ट्झच्या वर असतो, दिवसा वाढतो, रात्री ओसरतो. 2020 मध्ये टाळेबंदीत जगभरच्या केंद्रांवर तो इतका खाली आला की एरवी त्यात बुडून जाणारे बारीक संकेतही काही ठिकाणी दिसू लागले. मात्र त्याच्या खाली आणखी एक संथ हेलकावा असतो, साधारण 5 ते 10 सेकंदांचा. तो रात्रीही थांबत नाही. तो समुद्राचा. विरुद्ध दिशांनी येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडल्या की तळावरचा दाब लाटांच्या दुप्पट वारंवारतेने कमीजास्त होतो, हे ब्रिटिश गणितज्ञ लाँगे-हिगिन्स यांनी 1950 मध्ये गणिताने दाखवलं. दूर कुठे वादळ उठलं की हा हेलकावा वाढतो. साधा जिओफोन, म्हणजे यंत्रातला कंपनं टिपणारा भाग, इतक्या संथ हालचालीला फारशी दाद देत नाही, पण वादळी दिवसांत नीट बघ, मागची रेघ थोडी सुजलेली दिसेल. ते पहिल्यांदा ओळखता आलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो.

अंतराचं गणित तू विचारलंयस. जवळच्या भूकंपासाठी पी आणि एस यांच्यातल्या सेकंदांना 8 ने गुणायचं, की अंदाजे किलोमीटर मिळतात. फरक 20 सेकंद असेल तर 160 किलोमीटर. फार लांबच्या भूकंपाला हे लागू नाही, कारण लाटा पृथ्वीच्या पोटात खोल, जास्त वेगाने जातात. साडेसहा-सात हजार किलोमीटरवरून पी-लाट सुमारे दहा मिनिटांत येते. ती शोधायला 0.7 ते 2 हर्ट्झचा फिल्टर लाव, म्हणजे बाकीची कंपनं गाळली जातील.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. आलेखात उंचवटा दिसला की भूकंपांच्या यादीत जोडीदार शोधायला धावू नकोस. 5 ते 5.9 तीव्रतेचेच भूकंप वर्षाला हजाराहून जास्त होतात, लहान तर मोजता येणार नाहीत इतके. कुठलातरी जुळतोच. उलट कर. आधी यादीतला भूकंप घे, त्याचं अंतर काढ, लाट तुझ्याकडे कधी पोचायला हवी ते लिहून ठेव आणि मगच आलेख उघड. यादीतली वेळ जागतिक असते, ती स्थानिक वेळेत बदलायला विसरू नकोस. सांगितलेल्या क्षणी काही नसेल, तर 'दिसला नाही' असं वहीत स्वच्छ लिही.

पुढच्या पत्रासोबत रविवारी पहाटे दोन ते चारचा पट्टा पाठव, फिल्टर न लावता. तुझ्याकडची सगळ्यात शांत वेळ कशी दिसते, ते मला बघायचंय.

तुझा,
अनिल