'सैरंध्री' पुन्हा उभी करायची आहे : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक इंग्रज सरकारने १९१० साली बंद पाडलं, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला होता. दहाच वर्षांनी आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी त्याच कथेवर 'सैरंध्री' हा मूकपट केला. तोही गावातच घडवलेल्या कॅमेऱ्यावर, दामलेमामांना हाताशी धरून. सैरंध्रीसारख्या कामाला बायका मिळत नसत त्या काळात गुलाबबाई आणि अनुसूयाबाई उभ्या राहिल्या. पुण्याच्या आर्यन थिएटरात लोकमान्यांनी चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. बाबूरावांच्या फिल्म कंपनीला भांडवल कुणी दिलं? गायिका तानीबाई कागलकरांनी. कोल्हापूरच्या सिनेमाची पहिली मोठी वर्गणी एका बाईची, हे पेठेतल्या दुकानदारांनी ध्यानात घ्यावं.

तो चित्रपट आता पाहायला मिळत नाही. म्हणून मंडळाने तो रंगमंचावर मुका उभा करायचा ठरवला आहे : संवाद नाहीत, फक्त पाट्या, पेटी आणि तबला. गेल्या तालमीत भीमाची गदा कीचकाच्या डोक्यावर फुटली आणि कापूस पार पेटीवाल्या काकांच्या नाकात गेला, तरी काकांनी सूर सोडला नाही. अशी माणसं आहेत आपल्याकडे.

आजवर साथ दिलेल्यांना विसरलो नाही. गुळाच्या अडत्यांनी दर वर्षी न मागता पाकीट पाठवलं. कोपऱ्यावरच्या आक्कांनी स्वतःची दोन नऊवारी सैरंध्रीसाठी काढून दिली, वर इस्त्रीही करून. शिंपीमामांनी मुकुटाच्या अस्तराचे पैसे घेतले नाहीत. बाकी २०२० ची शताब्दी टाळेबंदीत गेली, ते समजू शकतो. पण गेल्या वर्षीच्या प्रयोगाला सत्तावीस माणसं आली, त्यातली चौदा आमच्या घरचीच. फेट्यातले फोटो मात्र सगळ्यांना हवे होते.

केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ ला जळाल्यापासून आपण शाळेच्या हॉलवर भागवतो. भाडं, दिवे, पडदा, तबलजींचं मानधन मिळून अठ्ठावीस हजार लागतात, जमलेत नऊ. जुनी पेटी, चादरी, बाकडी असतील तर तीही चालतील. प्रयोग दसऱ्यानंतरच्या शनिवारी रात्री ८ वाजता. वर्गणी मंडळाच्या खोलीवर संध्याकाळी ७ ते ९ (सोमवारी बंद) किंवा फलकावरच्या क्यूआरवर. नाव लिहायला विसरू नये, मागच्या वेळी तीन जणांचे पैसे कुणाचे तेच कळेना. पावती मिळेल.

आपला,
चिटणीस