पिवळा टॉप आणि कोर्टाचे कागद

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. ‘ऑनलाइन माध्यमांनी पत्रकारितेचा बाजार मांडला’ असं पहिल्याच पानावर ठणकावून सांगितलं आहेस, आणि पुढे रील्स, मीम, सेलिब्रिटींच्या बातम्या या सगळ्याला उथळ म्हणून मोकळी झाली आहेस. वाक्यं ठसकेबाज आहेत. पण माझा जन्म गेला हिशेब तपासण्यात. समोरचा फार झटकन बेरीज सांगायला लागला की मी पावत्या मागते, तशा तुझ्याकडेही मागणार.

बाजार म्हणशील तर तो छापील वर्तमानपत्रांनी केव्हाच मांडला होता. न्यूयॉर्कच्या ‘सन’ या एका सेंटच्या दैनिकाने ऑगस्ट १८३५मध्ये चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याची लेखमाला छापली, तीही जॉन हर्शेल या खऱ्याखुऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर. हर्शेल तेव्हा दक्षिण आफ्रिकेत दुर्बीण लावून बसले होते. त्यांना विचारणार कोण, आणि विचारलं तरी उत्तर येणार कधी! तेव्हा लोकांची करमणूक करून अंक खपवणं हा काही इंटरनेटचा शोध नाही.

नवीन आहे ती मोजणी. वर्तमानपत्रं आपल्या खपाबद्दल थापा मारायची म्हणून तर ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स निघाली, अमेरिकेत १९१४मध्ये आणि भारतात १९४८मध्ये. निदान बाहेरचं कुणीतरी वह्या उघडून बघायचं. व्ह्यूजचं तसं नाही. दुकान त्यांचं, तराजूही त्यांचाच. २०१६च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकला कबूल करावं लागलं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता. कसा, तर तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले प्रेक्षक त्यांनी भागाकारात धरलेच नव्हते. हे वाचून मला हसू आलं होतं. छेद लहान केला की सरासरी आपोआप बाळसं धरते, हे आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या पोरांनाही कळतं. पण त्याच सुमारास कित्येक वृत्तसंस्थांनी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओवर पैसा लावला. त्या एका आकड्यामुळेच लावला असं मी म्हणणार नाही. तरी आकडा मांडणारा कोण आणि त्यात त्याचा फायदा काय, हे एखाद्या संपादकाने आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या आराखड्यात लाइक आणि व्ह्यूजचे एवढे आकडे आहेत, त्यातल्या एकाचीही अशी उलटतपासणी नाही.

आता सेलिब्रिटींकडे येते, कारण माझं तुझ्याशी खरं भांडण तिथेच आहे. अमेरिकन पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्स घे. २००७मध्ये तिने डोकं भादरलं तेव्हा त्या फोटोंवर सगळ्यांनीच धंदा केला, छापणाऱ्यांनीही आणि वेबसाइटवाल्यांनीही. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने तिच्यावरच कायदेशीर पालकत्व नेमलं, आणि तिचे पैसे व रोजचं जगणं वडील आणि वकील यांच्या हाती गेलं. सव्वीस वर्षांची बाई. पुढे वर्षानुवर्षं कार्यक्रम करून कमावत राहिली, आणि कमाईवर तिची सही चालेना! यातलं काही लपलेलं नव्हतं. पण मजकूर मनोरंजनाच्या पानावरचा, म्हणून ‘हे कसं काय चालतं?’ असा प्रश्न मोठ्या पत्रकारांना फार उशिरा पडला.

ओरड केली ती चाहत्यांनी. तू ज्यांना टाळ्या पिटणारी गर्दी म्हणतेस ना, तीच ही मंडळी. त्यांनी पुरावे म्हणून काय काय धरलं ते मात्र विचारू नकोस. कुणीतरी तिला लिहिलं, ‘मदत हवी असेल तर पिवळे कपडे घाल’, आणि पुढच्या व्हिडिओत तिच्या अंगात पिवळा टॉप दिसल्यावर कितीकांची खात्रीच पटली. असला पुरावा माझ्या टेबलावर आला असता तर मी फाइल परत पाठवली असती. संशय खरा निघाला म्हणून टॉपचा दाखला होत नाही. दाखला होता तो कोर्टाच्या दप्तरात. जून २०२१मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने गोपनीय कागदपत्रं मिळवली आणि दाखवून दिलं की ती कित्येक वर्षं या पालकत्वाला विरोध करत आली होती. त्याच आठवड्यात ती स्वतः कोर्टापुढे बोलली, आणि १२ नोव्हेंबर २०२१ला पालकत्व रद्द झालं.

म्हणजे बोट दाखवलं गर्दीने आणि कागद आणले बातमीदारांनी. या दोघांमधलं हे जे अंतर आहे ते तू कुठे मोजलंच नाहीस, आणि मला विचारशील तर निबंध तोच आहे.

हॉलिवूडचा बडा निर्माता हार्वी वाइनस्टीन याचंही तसंच. तो बायकांचा लैंगिक छळ करतो अशी सिनेमावाल्यांत वर्षानुवर्षं कुजबुज होती. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या जोडी कँटर आणि मेगन टूही यांनी, आणि काही दिवसांनी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात रोनन फॅरोने, त्या कुजबुजीची बातमी केली ती नावानिशी बोलणाऱ्या बायका आणि गुपचूप मिटवलेल्या प्रकरणांचे तपशील हाती घेऊन. पुढच्या वर्षी त्यांच्या या कामाला पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार, मिळाला. यातलं मूळ काम कुठल्या पुरवणीत घालशील तू?

तुझ्या बाजूने जाणारं एक उदाहरण मात्र तू हातचं घालवलंस. ‘बझफीड’ ही अमेरिकन वेबसाइट वाढली ती क्विझ आणि याद्यांच्या जिवावर. तिच्याच बातमी विभागाला चीनच्या शिनजियांगमधल्या, उइघुर मुसलमानांना डांबून ठेवण्याच्या छावण्या उपग्रहचित्रांवरून शोधून काढल्याबद्दल २०२१मध्ये पुलित्झर मिळालं आणि २०२३मध्ये तो विभाग बंद झाला. गमतीच्या पैशावर गंभीर काम किती दिवस चालतं, हा प्रश्न तिथे तुला आयता मिळाला असता. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. तुझे सर काय म्हणतात ते कळव.

भाषेबद्दल एकच. चाहत्यांशी प्रत्यक्ष बोललीस ते तिसरं प्रकरण जिवंत आहे, ती मुलगी बोलताना ऐकू येते. पहिलं प्रकरण तू परीक्षकांसाठी लिहिलं आहेस, ते कळतं. तिसऱ्यापासून सुरुवात करून बघ, आणि पहिल्यातली विशेषणं काढून टाकल्यावर काय उरतं तेवढंच मला पाठव.

तुझी,
आई