ट्रायथलॉनच्या पोहण्याच्या बॅचमधील त्रुटी, सुरक्षेकडे दुर्लक्ष आणि शुल्क परताव्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या पुण्यातील तलावावर प्रौढांसाठी चालणाऱ्या ‘ट्रायथलॉनसाठी पोहणे’ या सोळा आठवड्यांच्या सकाळच्या बॅचला मी प्रवेश घेतला आहे. जीएसटी धरून २८,३२० रुपये प्रवेशाच्या वेळीच एकरकमी भरले. पावतीची प्रत सोबत जोडत आहे. तलावावरच्या कार्यालयात आधी तोंडी आणि नंतर ईमेलने केलेल्या तक्रारींना ‘भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ या एका ओळीपलीकडे उत्तर मिळाले नाही. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

माझे वय ४४ आहे. सायकल आणि धावणे मी बरीच वर्षे करते. पोहणे मात्र लहानपणी शिकायला मिळाले नाही, आणि आमच्या बॅचमधल्या बहुतेकांची गोष्ट हीच आहे. आपल्या माहितीपत्रकात गोव्याच्या ज्या स्पर्धेचा उल्लेख आहे, २०१९ साली मिरामारला सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’चा, तिचीच तयारी आम्ही करतो आहोत. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, अशी ही सलग तीन टप्प्यांची ट्रायथलॉन. पोहण्याचा कटऑफ १ तास १० मिनिटांचा. म्हणजे दर शंभर मीटरला जास्तीत जास्त ३ मिनिटे ४१ सेकंद. एवढ्या वेळात पाण्याबाहेर आले नाही, तर पुढची स्पर्धाच संपते. आपल्या २५ मीटरच्या तलावात हेच अंतर ७६ फेऱ्यांचे होते, पण तलावात दर फेरीला भिंत मिळते, पायाने रेटा मिळतो, तळाला काळी रेघ दिसते. समुद्रात यातले काहीच नसते. गोव्याचे पाणी उबदार असल्यामुळे वेटसूटही, म्हणजे पोहण्याचा तरंगता रबरी पोशाखही, घालता येत नाही. वेटसूट पाय आपोआप वर धरतो. तो नसला की शरीर पाण्यात आडवे ठेवण्याचे सगळे काम तंत्राला करावे लागते. म्हणूनच आम्ही नुसते पोहायला न जाता शिकवणीचे पैसे भरले.

सुरुवातीचे काही आठवडे जो प्रशिक्षक आम्हाला दिला होता, त्याच्याबद्दल आधी लिहिते, कारण चांगले शिकवणे कसे असते ते आम्ही आपल्याच तलावावर पाहिले आहे. तो स्वतः पाण्यात उतरायचा. मला श्वासाची भीती होती. तोंड पाण्यात गेले की मी श्वास कोंडून धरायची, आणि मान वळवली की त्या अर्ध्या क्षणात आधीचा सोडून नवा घ्यायची धडपड करायची. दोन हात मारले की धाप लागायची. त्याने मला कठड्याला धरून उभे केले, नाकातोंडातून पाण्यातच सावकाश बुडबुडे सोडायला लावले आणि वर आल्यावर फक्त घ्यायला सांगितले. मग एके सकाळी माझ्या डोक्याच्या मागे दोन बोटे ठेवून म्हणाला, “मॅडम, मान सोडून द्या. पुढे नका बघू, खाली तळाकडे बघा.” डोके खाली गेले तशी कंबर वर आली. इतके दिवस लोढण्यासारखे मागे खेचणारे पाय पहिल्यांदा पाण्याच्या पृष्ठभागाशी आले. त्या दिवशी मी भिंतीपर्यंत न थांबता गेले आणि दम लागला नाही. प्रौढ माणसाला शिकवताना भीती आधी काढावी लागते, हात-पाय नंतर येतात, हे त्या तरुण मुलाला पक्के ठाऊक होते.

उन्हाळी सुट्टी सुरू झाली आणि त्याला लहान मुलांच्या बॅचवर हलवले गेले. आम्हाला ना कळवले, ना विचारले. त्याच्या जागी आलेले गृहस्थ उत्तम पोहणारे आहेत, याबद्दल शंका नाही. पण ते काठावरून खुर्चीत बसून “पाय मारा, पाय मारा!” एवढेच सांगतात. ज्याचे डोके वर आणि कंबर खाली आहे, त्याने पाय कितीही मारले तरी तो पुढे जात नाही, फक्त दमतो. आणि ज्याला पुढे सायकल चालवून धावायचे आहे त्याने पाय राखून ठेवायचे असतात. खांद्यातून हात कसा फिरवायचा, पाणी कोपरापासून कसे पकडायचे, दोन्ही बाजूंनी श्वास कसा घ्यायचा, लाटेवर नुसते डोळे वर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, कसा हेरायचा, यातले एकही त्यांनी शिकवलेले नाही. पुल बॉय (पायांत धरायचा तरंगता ठोकळा) आणि किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) ही सरावाची साधने कार्यालयाच्या कपाटात कुलपात असतात. माहितीपत्रकात दर महिन्याला पाण्याखालून चित्रीकरण करून प्रत्येकाला चूक दाखवण्याचे आश्वासन आहे. ते आजवर एकदाही झालेले नाही.

सहा जणांमागे एक प्रशिक्षक असेही आपण छापले आहे. प्रत्यक्षात आम्ही १८ जण आहोत आणि लेन दोन. सुट्टी लागल्यापासून त्याच वेळेला मुलांची बॅचही पाण्यात सोडली जाते आणि मधली लेनची दोरी काढून ठेवतात. सलग पोहण्याचा सराव तिथे शक्यच नसतो. मुले आमच्यासमोर उड्या मारतात. मुलांचा यात काही दोष नाही. त्यांनाही स्वतंत्र जागा मिळायला हवी. पाणी तर अनेकदा इतके गढूळ असते की खोल बाजूची काळी रेघ दिसत नाही. तळ दिसत नसेल तर तळाशी गेलेले माणूस कसे दिसणार? आणि बघणार तरी कोण? वेगळा जीवरक्षक ठेवलेला नाही. प्रशिक्षकच जीवरक्षक आहेत, असे आम्हाला सांगण्यात आले. अठरा माणसांना शिकवणारा माणूस त्याच वेळी पाण्यावर नजर ठेवू शकत नाही.

आता ज्या घटनेमुळे मी हे पत्र लिहिण्याचे ठरवले, ती सांगते. ओपन वॉटरचा, म्हणजे तलावाबाहेरच्या मोकळ्या पाण्यातला, सराव म्हणून आम्हाला शहराबाहेरच्या एका जलाशयावर नेण्यात आले. सोबत बचाव कयाक (वल्हवायची अरुंद छोटी होडी) आणि प्रशिक्षित जीवरक्षक असतील, असा संदेश आपल्या व्हॉट्सअॅप गटावर आदल्या संध्याकाळी आला होता. पोचल्यावर पाहिले तर कयाक नाही, होडी नाही, दोरी लावलेली ट्यूबसुद्धा नाही. कयाकवाला आला नाही, असे सांगून आम्हाला तरीही पाण्यात उतरवले. काठापासून बरेच आत गेल्यावर बॅचमधले एक ज्येष्ठ सभासद अचानक थांबले. खाली तळ दिसेना, काठ लांब, आणि त्यांचा श्वास फुलला. ते उभे राहण्याच्या धडपडीत खाली जाऊ लागले. माझ्या कमरेला मी स्वतःच्या पैशाने घेतलेला केशरी फुगा बांधलेला होता. तो मी त्यांच्याकडे ढकलला. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी इतका घट्ट आवळला की बोटांची पेरे पांढरी पडली होती. पाण्यातले आम्ही दोघे-तिघे त्यांच्याशी बोलत, धीर देत, हळूहळू काठाकडे आणत राहिलो. प्रशिक्षक काठावर उभे होते. ते पाण्यात उतरले तेव्हा आम्ही कमरेएवढ्या पाण्यात पोचलो होतो.

काका सुखरूप आहेत. मात्र त्यांनी पोहणे सोडले आहे, आणि आपल्याकडून कुणी त्यांना साधा फोनही केलेला नाही. उलट दुसऱ्या दिवशी गटावर त्या सरावाची छायाचित्रे ‘यशस्वी ओपन वॉटर सत्र’ म्हणून टाकली गेली. ती पाहून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. समुद्रात पोहण्याच्या कोणत्याही नीट स्पर्धेत पाण्यात कयाक आणि होड्या असतात, दमलेल्याला धरून थांबता येते. सरावाला येणारा माणूस स्पर्धकापेक्षा कच्चा असतो. त्याला अधिक आधार लागतो, कमी नाही.

शुल्क परत न करण्याच्या आपल्या नियमाबद्दल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कबूल केलेल्या दर्जाची सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी आहे, आणि सदोष सेवा दिल्यावर ती थांबवून पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर बारीक अक्षरात काहीही छापले तरी त्याने कायदा बदलत नाही.

माझ्या मागण्या अशा. शिल्लक आठवड्यांचे शुल्क आणि चित्रीकरण व ओपन वॉटर सत्रासाठी वेगळे घेतलेले ४,००० रुपये मला पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत. जे सभासद बॅचमध्ये राहणार आहेत त्यांच्यासाठी सहा जणांमागे एक, पाण्यात उतरून शिकवणारा प्रशिक्षक द्यावा. आधीचा प्रशिक्षक यायला तयार असेल तर त्यालाच परत आणावे, कारण त्याच्या हाताखाली सगळेच शिकत होते. बॅच चालू असताना शिकवण्याचे कोणतेही काम नसलेला जीवरक्षक काठावर हवा. तळ दिसत नसेल त्या दिवशी तलाव बंद ठेवावा. कयाक आणि जीवरक्षक प्रत्यक्ष हजर असल्याशिवाय कुणालाही जलाशयात उतरवू नये, आणि हा नियम लेखी स्वरूपात सर्वांना कळवावा. त्या ज्येष्ठ सभासदांची भेट घेऊन माफी मागावी आणि त्यांचे पूर्ण शुल्क त्यांनी अर्ज न करताही परत द्यावे. पैशांच्या मागणीवर एक वेळ बोलणी होऊ शकतात, जीवरक्षकाच्या नाही.

मुदतीत लेखी उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. बॅचमधील आणखी काही सभासद आपली लेखी निवेदने द्यायला तयार आहेत. जलाशयावरच्या सत्राच्या आधीचे आणि नंतरचे संदेश मी जपून ठेवले आहेत.

कळावे,

आपली,
सकाळच्या प्रौढ बॅचमधील एक सभासद
पुणे

सोबत: शुल्काची पावती, माहितीपत्रकाची प्रत, व्हॉट्सअॅप गटावरील संदेशांच्या प्रती, याआधी पाठवलेले ईमेल