चंद्र दुरावतो आहे, पण भरती बंद पडणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चंद्र दूर चालला, भरती-ओहोटी थांबणार’ असा मथळा आपल्या अंकात वाचला. चंद्र दुरावतो आहे हे खरे, पण किती वेगाने हे बातमीत कुठेच नव्हते. त्यामुळे इथे बंदरावर लोक काळजीने एकमेकांना विचारू लागले आहेत.

वेग आहे वर्षाला ३.८ सेंटिमीटर. म्हणजे शंभर वर्षांत चार मीटरही नाही. एवढ्याने भरतीच्या उंचीत केसाच्या जाडीइतकाही फरक पडत नाही. याउलट दर महिन्याला चंद्र सुमारे ३ लाख ६३ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो आणि ४ लाख ५ हजारांपर्यंत लांब जातो. जवळ असताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली की उधाण जोराचे, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याने पाहिलेलेच असते.

३.८ सेंटिमीटर हा अंदाज नाही, ते मोजमाप आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर शंभर प्रिझमची चौकट ठेवली. प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवणारे हे प्रिझम. पुढे अपोलो १४, अपोलो १५ आणि रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांबरोबर असे आणखी चार संच तिथे पोहोचले. त्यांना वीज लागत नाही, म्हणून ते आजही उपयोगी पडतात. फ्रान्स, अमेरिकेतील वेधशाळा त्यांच्यावर लेसरचे स्पंद सोडतात. चंद्रावर पोहोचेपर्यंत झोत काही किलोमीटर पसरतो आणि असंख्य प्रकाशकणांतून एखाददुसराच दुर्बिणीत परततो. जाऊन येण्याचा वेळ सुमारे अडीच सेकंद. तो इतका काटेकोर मोजतात की अंतर मिलिमीटरपर्यंत कळते! माणसाच्या चिकाटीचा मला याहून मोठा दाखला माहीत नाही.

बातमीत राहून गेलेली आणखी एक गोष्ट म्हणजे चंद्राला दूर ढकलते ती भरतीच. पृथ्वी चंद्राच्या फेरीपेक्षा जलद फिरते, त्यामुळे समुद्राचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. तो चंद्राला पुढे खेचतो आणि त्याची कक्षा रुंदावते. त्याच वेळी पृथ्वीचे फिरणे किंचित मंदावते.

आपण रोज भरती-ओहोटीच्या वेळा छापता. त्यांच्याशेजारी त्या दिवसाचे चंद्राचे अंतरही छापावे, ही विनंती. उधाण आणि अंतर यांचा मेळ शाळेतील मुले स्वतः घालून पाहतील.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
हर्णै, ता. दापोली