मंत्री बदलले, फाईल तिथेच

संपादक महोदय,

गोव्याच्या मंत्रिमंडळात फेरबदल होणार म्हटले की पूर्वी डिचोलीच्या बाजारात चर्चा रंगायची. परवा चहाच्या दुकानात हा विषय निघाला, तर विशीतला एक मुलगा म्हणाला, "कोणीही येऊ दे, आपल्याला काय?" ऐकून मन खिन्न झाले. याच मुलाने उद्या मतदान करायचे आहे.

पण त्याला दोष तरी कसा द्यावा? जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 10 आमदार भाजपमध्ये गेले आणि त्याच आठवड्यात त्यांतले तिघे मंत्री झाले. सप्टेंबर 2022 मध्ये आणखी 8 गेले. त्यांतले आलेक्स सिक्वेरा 2023 मध्ये मंत्री झाले, तर दिगंबर कामत ऑगस्ट 2025 मध्ये. घटनेच्या 91व्या दुरुस्तीमुळे आपल्या 40 आमदारांच्या राज्यात 12 हून जास्त मंत्री नेमता येत नाहीत. म्हणजे एकाला घ्यायचे तर दुसऱ्याला उठवायचे. का उठवले, हे मतदारांना कुणी नीट सांगत नाही.

आमच्या वाड्यावरच्या नळाला उन्हाळ्यात पहाटे जेमतेम दोन कळशा पाणी येते. नव्या जलवाहिनीच्या अर्जाची पोचपावती माझ्या खिशात विरून गेली. कचेरीत विचारले तर उत्तर मिळाले, "नवे मंत्री येऊ देत, मग बघू."

खाते सोडणाऱ्या मंत्र्याने प्रलंबित कामांची यादी जाहीर करावी आणि नव्या मंत्र्याने ती कधी पुरी करणार याची तारीख द्यावी, एवढीच मुख्यमंत्र्यांकडे कळकळीची मागणी आहे.

एक वाचक, डिचोली